खालच्या चाकाचा माणूस

माझा एक पाय गाडीत होता आणि दुसरा बाहेरच्या लोखंडी जाळीवर, तेव्हा साहेब गाडीच्या पुढे चालत गेले आणि पहिल्या चाकासमोर रुळावर बसले. पाय खाली सोडून, दोन्ही हातांनी रूळ धरून. त्यांच्या चपलांखाली सात मजल्यांएवढी पोकळी होती.

बहरीनमधल्या एका पार्कातली ही गोष्ट. आमची रोलर कोस्टरची गाडी सगळ्यांत वरच्या ब्रेकवर अर्धा तास अडकली होती. फिटर एकेकाचा बार उघडून माणसं बाहेरच्या जाळीवर काढत होता. चार जण उतरले होते, मी पाचवी. ऑक्टोबर होता, तरी लोखंडाला हात लावला की चटका बसत होता.

फिटरच्या कमरेच्या वॉकीटॉकीतून खालचा मॅनेजर ओरडत होता, "डुप्लिकेट चाबी मिल गई. जो उतर गए वो वहीं खड़े रहें, बाकी बैठ जाओ. मैं गाड़ी छोड़ रहा हूँ."

साहेबांनी मान न वळवता फिटरला सांगितलं, "त्याला म्हणावं, मी गाडीपुढे बसलोय. आता सोड."

"साहेब, उठा हो. पडाल."

"पडलो तर एक जण पडेल. तू बार उघड. आणि बाई, तुम्ही काय बघत बसलाय? दुसरा पाय काढा."

मी दुसरा पाय काढला.

हा माणूस त्या यंत्राचा इंजिनिअर, पण सहा वर्षांत एकदाही त्या जाळीवर पायी आला नव्हता. गाडीत बसून तो रोज वर जायचा, उलटा व्हायचा, खाली यायचा. पण उंचावर दोन पायांवर उभं राहिलं की त्याचे डोळे फिरायचे. स्वतःच सांगायचे, "बसलेल्याला बारने धरलेलं असतं. चालणाऱ्याला कोण धरतं?" वरच्या बोल्टांची तपासणी फिटर करायचा आणि साहेब खाली मान वर करून उभे राहायचे.

मी चौथी शिकलेली. गुहागरकडच्या गावातून नवऱ्यामागून बहरीनला आले. नवरा अरादला एका घरी ड्रायव्हर होता. तो वारला तेव्हा मुलगा कॉलेजात होता. गावी परत जाऊन कोणाच्या दारात बसणार? पार्कात एक बाई हवी होती. रोलर कोस्टरवर इथल्या बायका मुली बसतात, त्यांच्या मांडीवरचा बार दाबून बघायला पुरुष चालत नाही. अंगावरची काळी घोळदार अबाया गुडघ्यांखाली नीट दाबली आहे का, डोक्यावरचा कपडा आत खोवला आहे का, हे बघायचं, बार दाबायचा आणि यल्ला, म्हणजे चला, म्हणायचं. एवढं काम मला येण्यासारखं होतं.

पहिल्या दिवशी साहेबांनी माझं नाव विचारलं नाही. वजन विचारलं.

मी म्हटलं, "कशाला? विकत घेताय?"

त्यांनी मला डोक्यापासून पायांपर्यंत पाहिलं, बैल बघतात तसं, आणि म्हणाले, "अठ्ठावन्न. साडी धरून."

संध्याकाळी मी दुकानातल्या काट्यावर उभी राहिले. अठ्ठावन्न.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दाभण, सुतळी आणि तांदळाची रिकामी पोती दिली. पोत्यांत वाळू भरून, वजन करून मी ती शिवायची. एक पोतं अठ्ठावन्न किलोचं भरून घेतलं आणि म्हणाले, "हे तुम्ही." फिटरचं पोतं होतं, पहारेकऱ्याचं होतं. सगळ्यांत मोठं एकशे दहा किलोचं. त्याला ते मेहुणे म्हणायचे. दर वर्षी त्यात दोन किलो वाळू वाढवायचे. "पुण्याहून फोन आला होता," म्हणायचे, "अजून खातात."

रोज सकाळी पहिली फेरी पोत्यांची, दुसरी आमची, मग गिऱ्हाइकांची. ज्याने बोल्ट आवळला, ज्याने बार दाबला, त्याने आधी स्वतः बसायचं हा त्यांचा नियम. मी पहिल्यांदा बसले तेव्हा डोळे गच्च मिटून शिव्या देत होते. खाली आल्यावर ते म्हणाले, "शिव्या दिल्यात म्हणजे मान ठीक आहे. मान दुखली असती तर तोंड उघडलं नसतं."

ते स्वतः नेहमी शेवटच्या डब्यात बसत. तिथे हिसका जास्त असतो. हातात स्टीलचा पेला, त्यात काठोकाठ चहा. बाकीचे ओरडायचे आणि साहेब चहाकडे बघत बसायचे. वळण नीट आखलेलं असलं की चहा सांडत नाही, गाडी कितीही कलली तरी. कुठे सांडला ते त्यांच्या लक्षात राहायचं. खाली उतरले की फिटरला सांगायचे, "तिसऱ्या वळणानंतर, पोरी पहिल्यांदा किंचाळतात त्या जागी, दोन थेंब." फिटर जाऊन बघायचा तर तिथे चाकाचं रबर झिजलेलं असायचं. मी त्यांना म्हटलं, एवढी मोठी मशिनं आहेत मोजायला, चहा कशाला? तर म्हणाले, "मशिनं आकडा सांगतात. चहा लाज काढतो."

अंगाने काटकुळे. चष्म्याला सुतळी बांधलेली. सदऱ्याची वरची दोन बटणं उघडी आणि त्यातून जानवं दिसायचं, जानव्याला एक पितळी चावी. संध्या करत नसत, अंडी खात, कोंबडीही खात. मी विचारलं, "मग जानवं कशाला घालता?"

"चावी अडकवायला. खिसा फाटतो. याला गाठ असते."

गाडी रोज चालवायची चावी पॅनेललाच असे. ही वेगळी. गाडी मध्येच अडकली तर ब्रेक सोडायला ही लागायची. नियमाप्रमाणे ती पॅनेलजवळच्या पेटीत ठेवायची होती. मॅनेजर सांगून सांगून थकला. साहेबांचं एकच, "ही माझ्या अंगावर आहे तोवर गाडी मेलेली आहे. माणसाने हात घालायचा तो मेलेल्या गाडीत."

माहूजला चौथ्या मजल्यावर त्यांची एक खोली होती. इमारतीला लिफ्ट होती, पण ते जिन्याने जायचे. म्हणायचे, लिफ्टचा ब्रेक मी बघितलेला नाही. एकदा मी मोदक घेऊन गेले होते. मी लिफ्टने वर पोचले आणि दारात दहा मिनिटं उभी राहिले. ते धापा टाकत वर आले आणि मलाच विचारतात, "बाई, वर जाताना आवाज कसा होता?"

ते वाईकडचे. लहानपणी जत्रेतला लाकडी पाळणा बघितला, माणसं आऱ्यांवर चढून अंगाच्या भाराने फिरवत असत तो. तरुणपणी त्यांनी आणि दोन मित्रांनी त्याला जुन्या ट्रकचा गिअरबॉक्स लावला. तेव्हा आपल्याकडे असली यंत्रं कोणी बनवत नव्हतं. परदेशी मासिकांतले फोटो कापून भिंतीला चिकटवायचे आणि फोटोतल्या माणसाच्या उंचीवरून यंत्राची मापं काढायची. माणूस साडेपाच फुटांचा धरायचा आणि पट्टी लावायची. पहिलं यंत्र उभं राहिलं ते फोटोतल्यापेक्षा लहान निघालं. कुठे चुकलं हे सहा महिने कळलं नाही. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की फोटोतले गोरे सहा फुटी होते.

हे सांगताना ते पोट धरून हसायचे. मग म्हणायचे, "लहान झालं म्हणून बरं. उलटं चुकलं असतं तर?"

जेवायला बसले की टेबलावर ओल्या बोटाने चाकं काढून दाखवायचे. गाडीला तीन तऱ्हेची चाकं असतात. रुळावरचं गाडी चालवतं, बाजूचं वळवतं आणि रुळाच्या खालून एक चाक असतं ते एरवी काहीच करत नाही. गाडी उंचवट्यावरून उसळते तेव्हा तेच तिला धरून ठेवतं. पूर्वीच्या गाड्यांना हे नव्हतं, म्हणून उतारही बेताचे ठेवायचे. कोणाला तरी सुचलं आणि मग पुढचं सगळं झालं. गोल उलटी घेणारे रूळही पूर्वी कंपासाने काढल्यासारखे गोल होते, माणसांच्या माना धरायच्या. मग कोणीतरी वरचा भाग निमुळता केला, पाण्याच्या थेंबासारखा. ही माणसं त्यांना नातेवाइकांसारखी वाटायची. मला त्यांतलं एकही नाव आठवत नाही. ते मात्र रोज सकाळी आधी पोतं अंथरून गाडीखाली उताणे झोपायचे आणि खालची चाकं बघायचे. लहान हातोडीने बोल्ट ठोकून कान लावायचे. हा बोलतो, हा खोकतो. इथली समुद्राची हवा लोखंडाला सोडत नाही. खोकणारा बोल्ट लगेच बदलायचा.

एकदा मला म्हणाले, "लोक इथे भीती घ्यायला येतात. आपण भीती द्यायची. धोका द्यायचा नाही."

मी म्हटलं, "भीतीला एवढा खर्च कशाला? माझा नवरा प्यायला की फुकट मिळायची."

ते हसले नाहीत. विचार करून म्हणाले, "त्यात धोकाही होता. म्हणून ते वाईट यंत्र."

ते प्रेमळ होते असं मी म्हणणार नाही. पहिल्या वर्षी माझ्या हातून एका बाईच्या अबायाचं टोक बाहेर राहिलं. गाडी हलायच्या आधी त्यांनी बघितलं आणि थांबवली. मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. पार्क बंद झाल्यावर मला गाडीत बसवलं. माझी ओढणी गळ्याभोवती होती, तिचं टोक घेऊन चाकात सारलं आणि चार माणसांना गाडी हाताने ढकलायला लावली. टीचभर. ओढणी अशी आवळली की डोळ्यांसमोर काळोख आला.

"कळलं?"

"कळलं."

"ती अबायावाली पंचवीस वर्षांची होती," म्हणाले आणि चाक उलटं फिरवून ओढणी सोडवली.

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मीच डबा नेऊन ठेवला. त्यानंतर माझ्या हातून एकही कपडा बाहेर राहिला नाही. पण मानेवरचा वळ आठवला की अजून राग येतो. तसं करायला नको होतं, हे माझं मत त्यांना माहीत आहे.

आता गाडी ज्या माळेमुळे वर अडकली तिचं.

खंडेनवमीला आम्ही यंत्राची पूजा करायचो. मनाम्यात देवळाच्या गल्लीत झेंडू मिळतो, तो मी आदल्या दिवशी आणायचे. नारळ बाजूच्या दगडावर फोडायचा, रुळावर पाणी पडता कामा नये. हळदकुंकू पॅनेलला, माळ फाटकाला. एवढीच परवानगी होती. पूजा झाली की पोत्यांची फेरी आणि मग आमची.

त्या वर्षी झेंडू उरला होता. साहेब कधीतरी म्हणाले होते, "या यंत्रात देव असलाच तर तो ब्रेकमध्ये आहे." ते माझ्या डोक्यात बसलं होतं. मला वाटलं, ज्याच्यामुळे आपण रोज जिवंत खाली येतो त्याला फूल नाही आणि फाटकाला दोन माळा. मी उरलेल्या फुलांची माळ केली आणि फिटरला म्हटलं, "वर जातोयस ना, ही ब्रेकला घाल."

फिटर राजापूरचा, चाळिशीतला, देवभोळा. तो म्हणाला, "मावशी, साहेबांना विचारलंत?"

"देवाला फूल घालायला साहेबांना कशाला विचारायचं?"

त्याने वर जाऊन बघितलं. ब्रेकला माळ अडकवायला जागा नव्हती. शेजारी एका खांबावर लहान पेटी होती, तिला लाल काचेचा डोळा. त्याला ती ब्रेकची मूर्तीच वाटली. तिच्या गळ्यात माळ घालून तो नमस्कार करून आला.

तो डोळा पुढचा रूळ मोकळा आहे का ते बघतो. पोत्यांची फेरी झाली तेव्हा माळ बाजूला लोंबत होती, गाडी निघून गेली. आमच्या फेरीला समुद्राकडून वारा फिरला. माळ डोळ्यावर आली. डोळ्याला वाटलं पुढे दुसरी गाडी उभी आहे. त्याने ब्रेक लावला आणि आम्ही वर थांबलो.

मला माळ दिसत होती. मी मागे वळून शेवटच्या डब्याकडे ओरडले, "साहेब, ती माझी माळ आहे. काढा आणि चला."

"माळ तुमची आहे हे तुम्हाला माहीत आहे," ते म्हणाले. "यंत्राला माहीत नाही. त्याला शंका आली आहे. शंका आलेल्या यंत्राशी वाद घालायचा नाही. सगळे पायी खाली."

खाली मॅनेजरचा जीव टांगणीला लागला होता. फाटकाबाहेर शाळेच्या बसेस येऊन उभ्या होत्या, लोक मोबाईल वर धरून होते. तो वॉकीटॉकीवर म्हणाला, "अंकल, फूल की माला है, बस. चाबी नीचे फेंको, पाँच मिनट में खलास."

साहेब म्हणाले, "चाबी गले में है. गला नीचे आएगा तब चाबी आएगी."

मला तेव्हा मॅनेजरचंच पटत होतं. खोटं कशाला बोलू? बार तापला होता, उंचावरचा वारा तोंडावर गरम राख फेकल्यासारखा लागत होता, आणि हा म्हातारा हट्टाला पेटला आहे असंच मला वाटलं. फिटर पुढच्या डब्यापासून पायाने कळ दाबून एकेक बार उघडू लागला. आमचा बहरीनी पहारेकरी, साहेबांना मुहांदिस, म्हणजे इंजिनिअर, म्हणायचा तो, सगळ्यांत आधी उतरला आणि जिन्याच्या तोंडाशी हात देत उभा राहिला. "शुवय शुवय," म्हणत होता. हळूहळू.

साहेबांनी मागचा आपला बार फिटरकडून आधीच उघडून घेतला होता. डुप्लिकेट चावीचं ऐकल्यावर ते उठले. गाडीच्या लांबीएवढं ते जाळीवरून चालत आले. दोन्ही हात कठड्याला, एक हात सरकवायचा, मग दुसरा. चेहरा चुन्यासारखा. माझ्या शेजारून जाताना मी म्हटलं, "साहेब, बसा कुठेतरी."

"बसायलाच चाललोय," ते म्हणाले.

ते रुळावर बसल्यापासून शेवटचा माणूस उतरेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. तेवढा वेळ ते हलले नाहीत. सगळे उतरल्यावर फिटर त्यांना उठवायला गेला तर त्यांचे हात रुळावरून सुटेनात. पहारेकऱ्याने एकेक बोट सोडवलं. जिन्यावरून ते उलटे, बसत बसत उतरले, लहान मूल उतरतं तसे. खाली आल्यावर जानव्याची गाठ सोडून त्यांनी चावी मॅनेजरच्या हातात ठेवली आणि मग ओकले.

तापलेल्या लोखंडाने मांड्या भाजल्या होत्या. आठ दिवस ते उभ्याने जेवले. मी डबा घेऊन माहूजला जायचे आणि त्यांना शिव्या द्यायचे. फुलांच्या माळेसाठी कोणी जीव देतं का, म्हणून. ते ऐकून घ्यायचे.

माळ कोणी घातली असं मॅनेजरने विचारलं तेव्हा मी सांगितलं, मी. मला लेखी ताकीद मिळाली. साहेब म्हणाले, "ब्रेकमध्ये देव आहे असं मीच बोललो होतो. यंत्राला उपमा देऊ नयेत. माणसं खरं धरतात." दुसऱ्या दिवशी माळ काढून गाडी दिवसभर चालली. यंत्रात काहीही खोट निघाली नाही. मॅनेजर सगळ्यांना सांगत होता, "देखो, कुछ नहीं था." तेही खरंच होतं.

पॅनेलवर एक फिलिपिनो मुलगी बसायची. ती घाबरून दोन दिवस गप्प होती. मग तिने मला बायकांच्या खोलीत गाठून सांगितलं. मॅनेजरने डुप्लिकेट चावी भोकात घातली होती आणि अर्धी फिरवली होती. तिने कॅमेऱ्यात बघितलं आणि त्याचं मनगट धरलं. "सर, ही इज सिटिंग देअर." त्याने बघितलं आणि चावी सोडून दिली.

मी तिला विचारलं, त्या वेळी कॅमेऱ्यात मी कुठे होते? तिने एक पाय उचलून दाखवला.

त्या दिवसापासून मी साहेबांना शिव्या देणं बंद केलं. डब्यात एक पोळी जास्त घालू लागले, एवढंच.

त्यांचं काँट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही. डिसेंबरात ते वाईला गेले. विमानतळावर सोडायला मी आणि फिटर गेलो होतो. सामान काट्यावर ठेवायच्या आधी त्यांनी वजन सांगितलं आणि ते बरोबर निघालं. काउंटरवरच्या मुलीला त्याचं काही वाटलं नाही. तो रोलर कोस्टर दोन वर्षांनी मोडून भंगारात गेला. त्या जागी आता गाड्या उभ्या करतात. मी मुलाकडे सनदला असते, कामावर जात नाही.

त्या फेरीला आम्ही अकरा जण वर गेलो होतो. साहेब, मी, फिटर, पहारेकरी, केरळचे दोन इलेक्ट्रिशियन, एक वेल्डर, झाडू मारणारे दोघे बांगलादेशी, तिकिटावरचा नेपाळी आणि कँटीनचा स्वयंपाकी. अकराच्या अकरा खाली आलो. फिटर सगळ्यांच्या फोनवर असतो, मी त्याला काल विचारलं. अकराही जण जिवंत आहेत.